गावरान, शेड नंबर सात

आपल्याकडे अंड्याला कुणी रंग विचारत नाही; दर विचारतात. रंग दरावरूनच कळतो. पांढऱ्याचा भाव डझनावर बोलतात, तांबूस असेल तर नगावर. दुकानदार पांढऱ्या अंड्यांचे ट्रे फळीबाहेर एकावर एक रचतो, मग त्यावर धूळ बसो नाहीतर मांजर बसो. तांबूस अंडी मात्र गल्ल्याशेजारच्या टोपलीत, भाताच्या तुसात, त्याच्या नजरेखाली असतात. गिऱ्हाईकही पांढरी अंडी फोनवर बोलत बोलत घेतं आणि तांबूस अंडं उचलून, उजेडाकडे धरून, कानाशी हलवून, ‘नक्की गावरान ना?’ असं विचारून घेतं. दुकानदार ‘आमच्या गावचंच आहे’ म्हणतो. गाव कुठलं, हे विचारायची पद्धत नाही. टरफलाच्या रंगाने अंड्याच्या पोषणात काही फरक पडत नाही, असं आहारतज्ज्ञ घसा कोरडा होईपर्यंत सांगतात. पण कोरड्या घशाला नगाचा दर मिळत नाही.

पांढऱ्या अंड्याची सुबत्ता तशी पुण्याशी जोडलेली. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि तिच्या जाहिरातीने अंडं खायला वार बघायचा नसतो, हे सगळ्या देशाला पाठ करून दिलं. मराठी माणसाने ते ऐकलं, मान डोलावली आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण वजा करून उरलेल्या दिवशी अंडी खायला सुरुवात केली. एवढ्या तपश्चर्येनंतर मिळणारं अंडं मग साधं कसं चालेल? ते गावरानच हवं. अडचण एवढीच, की व्यापारी जातीची पांढरी लेगहॉर्न वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि परसातली गावरान कोंबडी ६०-७०. त्यातही मधेच खुडूक बसून ती दीर्घ रजेवर जाते. मागणी एका कोंबडीला आणि पुरवठा दुसरीकडून, अशी स्थिती आली की माणूस कल्पक होतो. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवल्याच्या बातम्या म्हणूनच अधूनमधून येतात.

या सगळ्याशी आमच्या साडूंचा काही संबंध नव्हता. बँकेतून निवृत्त होऊन ते कराडजवळच्या आपल्या गावी राहायला गेले, परसात दहा-पंधरा गावरान कोंबड्या होत्या, खाऊन उरलेली अंडी ते पुण्याच्या एका ओळखीच्या सोसायटीत पाठवत. एकदा तिथल्या सेक्रेटरीबाईंचा निरोप आला: ‘अंडी छान होती, पण त्यातली काही फिकी होती. ती गावरान नसावीत.’ दुसरा कुणी असता तर ‘नसतील घ्यायची तर राहू द्या’ म्हणून मोकळा झाला असता. पण साडूंचं आयुष्य चेकवरची सही आणि कार्डावरची सही ताडून बघण्यात गेलेलं. जुळत नसलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या की त्यांना झोप येत नाही. आणि ट्रेमधली ३० अंडी ३० सह्यांची होती.

त्यांनी ठरवलं, की सगळी अंडी एका रंगाची आणि तीही गडद झाली पाहिजेत. चहाच्या पाण्याने नव्हे, वंशाने.

पहिली गरज मोजपट्टीची. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडे मारां नावाचं गाव आहे. तिथल्या कोंबड्या चॉकलेटच्या रंगाची अंडी देतात. ही जात सांभाळणाऱ्या तिथल्या क्लबचा अंड्यांसाठी १ ते ९ असा रंगतक्ता आहे; अंडं चारच्या खाली गेलं तर ती कोंबडी मारां म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. इयान फ्लेमिंगच्या १९५७ सालच्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ या कादंबरीत जेम्स बाँड नाश्त्याला मारां कोंबडीचंच तपकिरी अंडं खातो, आणि तेही सव्वातीन मिनिटांहून किंचित जास्त उकडलेलं. पांढरं अंडं त्याला आवडत नाही. म्हणजे सेक्रेटरीबाई आणि जेम्स बाँड यांचं एका बाबतीत तरी एकमत आहे, हे ऐकून साडूंना हुरूप आला.

फ्रेंच तक्ता मिळेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. ते कराडच्या एका रंगाच्या दुकानात गेले आणि भिंतीच्या रंगांचं शेडकार्ड मागितलं. दुकानदाराने अदबीने विचारलं, “आतून की बाहेरून?”

“बाहेरून.”

“किती स्क्वेअर फूट?”

साडूंनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन-सव्वादोन इंचांचं अंतर धरून दाखवलं. शेडकार्ड फुकट मिळालं.

त्यातल्या कच्च्या सायीपासून भाजलेल्या विटेपर्यंतच्या नऊ पट्ट्या त्यांनी कातरल्या, मागे नंबर टाकले आणि खुराड्याच्या दाराशी दोरीने टांगल्या. ध्येय ठरलं: शेड नंबर सात. अमेरिकेतल्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉलवर ती अभिमानाने दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “बाबा, तुमचं सात म्हणजे फ्रेंचांचं जेमतेम तीन.” साडू म्हणाले, “आपल्याला फ्रान्सला पाठवायची नाहीयेत.”

आता रंगकाम कसं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच होतो. एक अंडं तयार व्हायला कोंबडीला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले २० च्या आसपास तास ते टरफल घडवणाऱ्या पिशवीत असतं. तिथे आधी चुन्याचं बांधकाम होतं आणि अगदी शेवटच्या काही तासांत तपकिरी हात फिरतो. प्रोटोपॉर्फिरिन नावाचं हे रंगद्रव्य बहुतेक बाहेरच्या थरातच असतं. म्हणून तांबूस अंडं फोडून टरफल आतून बघितलं तर ते पांढरंच निघतं. नुकतंच घातलेलं ओलं अंडं बोटाने जोरात चोळलं तर रंग बोटाला येतो. निळ्या अंड्यांचं तसं नाही. त्यातलं बिलिव्हर्डिन टरफलाच्या आरपार मुरलेलं असतं. आपल्याला मुका मार लागल्यावर काही दिवसांनी जो हिरवट डाग उमटतो, त्यातही तेच असतं. एकाच अंड्यावर निळं आणि वरून तपकिरी आलं, की ते हिरवं दिसतं.

तपकिरीची गंमत अशी, की ती एका जनुकाची कामगिरी नव्हे. अनेक जनुकं मिळून ती ठरवतात, प्रत्येक थोडाथोडा हात लावतं. म्हणजे आपल्याकडचं कुठलंही काम. त्यात ही जनुकं कोंबड्याकडेही असतात, निम्मी. आणि कोंबडा अंडं घालत नाही.

या एका वाक्यात सगळी पैदासशास्त्राची पोथी आहे. गडद अंड्याची कोंबडी निवडायला डोळे पुरतात. पण तिच्याबरोबर ठेवायचा कोंबडा कुठल्या शेडचा, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुरा लालभडक, शेपूट कमानदार, आरव पहाटे चारला सगळ्या आळीला उठवणारा. पण त्याच्या पोटी येणाऱ्या लेकी फिकी अंडी घालणार की गडद, हे कळायला आधी त्याची अंडी उबवायची, २१ दिवसांनी पिल्लं, त्यातल्या तलंगा वाढवायच्या, सहाएक महिन्यांनी त्या घालू लागल्या की त्यांची अंडी शेडकार्डाला लावायची. तेव्हा कुठे कोंबड्याचा निकाल लागतो. तोवर बहुतेक कोंबडे पाहुणचारात गेलेले असतात. साडूंचा पहिला गुणी कोंबडा असाच मेव्हण्याच्या साखरपुड्याला कामी आला. त्याच्या लेकींनी सहाची अंडी दिली तेव्हा साडू अर्धा दिवस जेवले नाहीत.

मग त्यांनी शिस्त आणली. जाळीची तीन घरं बांधली: अ, ब आणि क. प्रत्येकात एक कोंबडा आणि आठ-दहा कोंबड्या, कारण एका कोंबड्याला एवढाच संसार झेपतो. जवळच्या नात्यात संबंध आले की पिल्लं कमी निघतात, निघाली तर जगत नाहीत, म्हणून दरवर्षी अदलाबदल. जुनी, खात्रीची पद्धत आहे: लेकी आईच्याच घरात राहतात, निवडलेले कोंबडे पुढच्या घरात पाठवायचे. अ चा ब मध्ये, ब चा क मध्ये, क चा अ मध्ये. ताईंनी, म्हणजे आमच्या मेव्हणीबाईंनी, ही व्यवस्था एकदा जाळीला टेकून नीट समजून घेतली आणि म्हणाल्या, “म्हणजे लेकी माहेरी आणि जावई सगळे घरजावई. मग कोंबड्या खूश आहेत यात नवल काय?”

पण अदलाबदल केली म्हणून लगेच हिशेब शुद्ध होत नाही. कोंबडीच्या पोटात बीज साठवायच्या बारीक नळ्या असतात. कोंबडा काढून घेतल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, ती फळलेली अंडी देत राहते. म्हणून नवीन कोंबडा आला तरी तीन आठवडे अंडी उबवायला घ्यायची नाहीत, खायला घ्यायची. हा तीन आठवड्यांचा काळ ताईंच्या फार आवडीचा.

आणि एवढी जमवाजमव करून आपण निवड केली असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी एक बातमी आहे. टॉमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की मोकळ्या कळपातल्या कोंबड्या खालच्या पायरीवरच्या कोंबड्याने गाठलं, तर त्याचं बीज बाहेर टाकून देतात. म्हणजे खरा निकाल त्यांच्याकडेच. हे मी साडूंना सांगितलं तेव्हा ते जाळीआडच्या कोंबड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. कोंबड्यांचीही आवडनिवड असतेच. ब घरातला कोंबडा दाणा सापडला की ‘कुक्-कुक्-कुक्’ करून बायकांना बोलवायचा, दाणा चोचीत धरून पुन्हा खाली ठेवायचा आणि त्यातली एखादी लाडकी आली की बाजूला सरायचा. कधी कधी दाणा नसतानाही तसंच बोलवायचा. त्या दोघी-तिघी लाडक्यांच्या पाठीवरची पिसं गेलेली असायची आणि बाकीच्यांची पाठ चकचकीत. चकचकीत पाठीच्या कोंबड्यांची अंडी उबवायला ठेवून उपयोग नसतो. साडूंची सर्वांत गडद अंड्याची कोंबडी, डाव्या पायात लाल कडी असलेली, पाठीने अगदी नवी कोरी होती.

लाल-डावीच का, तर कुठलं अंडं कुणाचं हे कळल्याशिवाय निवड होत नाही. दहा कोंबड्या एकाच पेटीत घालतात, आणि शेजारची पेटी रिकामी असतानाही तीच पेटी हवी म्हणून भांडतात. त्यासाठी सापळ्याची पेटी करावी लागते: कोंबडी आत शिरली की तिच्या पाठीला लागून फळी पडते, दार बंद. माणसाने जाऊन तिला सोडायचं, कडीचा रंग बघायचा, अंड्यावर पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिलच, कारण टरफलाला हजारो छिद्रं असतात आणि मार्करची शाई आत जाण्याची भीती. फार वेळ ठेवलं तर कोंबडी घाबरते, उन्हाळ्यात तर गुदमरतेही. म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत तासा-दीड तासाने फेरी. नोकरीत असताना साडू वर्षाला ठरलेल्या रजा घेत. निवृत्तीनंतर त्यांना एकही मिळालेली नाही. पुतण्याच्या लग्नाला ते मुहूर्ताच्या आधी निघून आले, कारण ‘हिरवी-उजवी साडेअकराला बसते’. मंडपात सगळ्यांना वाटलं, ही कुणीतरी पेशंट असावी.

वह्या भरू लागल्या तसं एकेक उमगत गेलं. पहिलं म्हणजे, कोंबडी एक रंग घालत नाही. अंडी सुरू होतात तेव्हा ती गडद असतात. हंगाम पुढे सरकतो तशी फिकी होत जातात. पिसं झडून नवी आली, विश्रांती झाली, की पुन्हा गडद. म्हणजे जानेवारीतली सहा आणि मे महिन्यातली चार ही एकाच कोंबडीची पत असू शकते. चैत्र-वैशाखात कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, तेव्हा टरफलंही पातळ होतात. दुसरं म्हणजे, जी भराभर घालते तिची अंडी लवकर फिकटतात आणि जी सावकाश, मनात येईल तेव्हा घालते तिचा रंग टिकतो. रंगावर निवड करत गेलं की नकळत आळशांची निवड होते. क घरातली काळी-उजवी आठवड्याला दोन अंडी द्यायची, पण काय अंडी! ताईंचं मत होतं, की अशी निवड सरकारी खात्यात आधीच यशस्वी झालेली आहे.

तिसरी गोष्ट वहीत तारखेनिशी आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांतली अंडी एकजात फिकी आणि वरून पांढरी भुकटी फासल्यासारखी निघाली. कोंबडी दचकली की अंडं रोखून धरते आणि त्यावर चुन्याचा आणखी एक हात बसतो. फटाके वाजले शेजारच्या आळीत, आणि आमच्या साडूंच्या सगळ्या हुशार विद्यार्थिनी दोन शेडने नापास. पुढच्या गणपतीत ते मंडळाकडे डीजेबद्दल तक्रार घेऊन गेले. वयोवृद्धांना त्रास होतो, पेशंटना त्रास होतो, हे मंडळाने ऐकलेलं होतं. ‘रंग जातो’ ही तक्रार नवी होती.

तिकडे अमेरिकेत चिरंजीवांचं अगदी उलट चाललेलं. त्यांच्या उपनगरात कोंबड्या पाळता येतात, कोंबडा पाळता येत नाही; तिकडच्या बऱ्याच शहरांत असाच नियम आहे. त्यामुळे घरं, अदलाबदल, घरजावई असली भानगडच नाही. तिकडे एक दिवसाची पिल्लं चक्क टपालाने येतात, १९१८ पासून. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं, म्हणून हा प्रवास जमतो. साडूंना याचं फार कौतुक वाटलं. “जिवंत पिल्लू! इकडे कुरिअरवाला लोणच्याची बरणी म्हटलं की हात जोडतो.” चिरंजीव फोटो पाठवायचे: निळं अंडं, हिरवं अंडं, चॉकलेटी अंडं, एका खोक्यात. साडू ते बघायचे, काही बोलायचे नाहीत आणि संध्याकाळी शेडकार्डापुढे उभे राहायचे.

निळ्या अंड्याचं मूळ चिलीत. तिथल्या मापुचे लोकांच्या कोंबड्या निळी अंडी द्यायच्या. त्यातून पुढे अरौकाना ही जात झाली. केंब्रिजचे रेजिनल्ड पनेट, ज्यांचे चौकोन आपण बारावीला जीवशास्त्रात मुकाट भरले तेच, त्यांनी १९३३ साली दाखवलं की निळेपण एकाच प्रभावी जनुकाचं काम आहे. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. २०१३ साली तर आणखी मजा कळली: फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात घुसून बसला, त्यातून हे निळेपण आलं, आणि चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांत तोच प्रकार स्वतंत्रपणे घडलेला. एका रोगाने दोन खंडांत दोनदा रंगकाम केलं.

चिरंजीवांनी बोलता बोलता एक वाक्य टाकलं, की निळं जनुक आणि वाटाणा-तुरा, म्हणजे तो बुटका, तीन ओळींचा दाणेदार तुरा, यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ असतात आणि बहुधा जोडीने जातात; म्हणून अरौकानाच्या वंशात कोंबड्याचा तुरा बघून अंदाज बांधता येतो. साडूंच्या डोक्यात त्यातलं ‘तुरा’ आणि ‘निळं’ एवढंच राहिलं. शेजारच्या आबांकडे असील कोंबडा होता. झुंजीच्या घराण्यातला, मान उंच, पायात ताकद, आणि डोक्यावर बरोबर तसला तीन ओळींचा तुरा. साडूंनी तो महिनाभरासाठी मागून आणला, क घर गुपचूप त्याच्या ताब्यात दिलं आणि पुढचं वर्ष फार आनंदात काढलं. पुढे त्याच्या तलंगा घालू लागल्या. अंडी सायीच्या रंगाची, शेड दोन. असीलला हा तुरा मुळातूनच असतो. निळं जनुक घराण्यातच नसेल तर तुरा काय करणार? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या तलंगा मात्र झुंजार निघाल्या. सापळ्याच्या पेटीतून सोडवताना साडूंच्या हातावर त्यांनी ज्या खुणा केल्या, त्या मात्र गडद होत्या.

लोकांच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, कडकनाथ आणा, काळी अंडी मिळतील. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथचं मांस काळं, हाडं काळी, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, सगळं खरं. पण अंडं साधं, फिकट सायीच्या रंगाचं. कुणी म्हणालं, कानाची पाळी बघा, पांढरी पाळी तर पांढरं अंडं, लाल पाळी तर तांबूस. हा ठोकताळा बऱ्याच जातींना लागू पडतो, आणि जिथे आपल्याला गरज असते तिथे पडत नाही. कुणी म्हणालं, दसऱ्याच्या तोरणाची झेंडूची फुलं खायला घाला. साडूंनी घातली. अंडी बाहेरून जशीच्या तशी, आतला बलक मात्र केशरी. बलकाचा रंग खाण्यावर, टरफलाचा वंशावर. व्यापारी खाद्यातही त्यासाठी झेंडूचा अर्क घालतातच. सेक्रेटरीबाई बेहद्द खूश झाल्या: ‘आता गावरान वाटतं.’ साडूंना हे कौतुक लागलं. वंश त्यांचा, श्रेय तोरणाचं.

चौथ्या पिढीला ब घरात एका कोंबडीने शेड नंबर सात घातलं. दुपारची वेळ होती. साडूंनी ते अंडं सावलीत नेलं, उन्हात आणलं, पट्टीला लावलं, चष्मा पुसून पुन्हा लावलं. मग पेन्सिलीने लिहिलं, ‘ब-१४, ७’, आणि टोकाची बाजू खाली करून माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात ठेवलं. उबवायची अंडी थंडाव्यात आठवडाभर टिकतात, तोवर आणखी साठतील असा हिशेब. आठवड्यात अशी चार जमली. पाचव्यासाठी ते खुराड्यात होते तेव्हा मानमोडीची लस टोचायला पशुधन पर्यवेक्षक आले. ताईंनी बसवलं, पाणी दिलं, आणि कांदा-मिरची चिरून चटकन चार अंड्यांची भुर्जी टाकली. साडू आत आले तेव्हा ओट्यावर टरफलं होती, त्यातल्या एकावर ‘ब-१’ एवढंच दिसत होतं. पाहुण्यांसमोर बोलायची सोय नव्हती. पर्यवेक्षकांनी पावाच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसलं आणि मनापासून म्हणाले, “अंडी फार सुंदर आहेत. माझं ऐका, हीच जात पुढे वाढवा.”

ताईंचं म्हणणंही चूक नव्हतं. “चांगली अंडी उबवायला, मधली विकायला, मग आम्ही काय फक्त फुटकी खायची?” त्या दिवसापासून घरात निवडीचा वेगळा नियम झाला: मागच्या माठाजवळचं अंडं साडूंचं, ओट्यावरचं ताईंचं, आणि जाळीपलीकडे गेलेलं मांजराचं.

तरी साडू हटले नाहीत. फिकी अंडी घालणाऱ्या कोंबड्या त्यांनी एकेक करून आबांना देऊन टाकल्या, काही पैशाने, काही नुसत्याच. आबांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे असील होता, वनराजा होत्या, ग्रामप्रिया होत्या. या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या. साडू त्यांना ‘सरकारी’ म्हणायचे आणि आपल्या घरांजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आणि एका थंडीत तो दिवस आला. ३० अंडी, ३० ची ३० शेड सात, क्वचित एखादं साडेसहा. ट्रे इतका एकसारखा, की बघणाऱ्याला वाटावं एकाच कोंबडीने महिनाभर बसून भरलाय. साडूंनी त्याचा फोटो काढून चिरंजीवांना पाठवला. तिकडून अंगठा आला. ट्रे पुण्याला गेला.

दोन दिवसांनी सेक्रेटरीबाईंचा फोन. आवाज गंभीर. “काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“काय झालं?”

“सगळी एका रंगाची आहेत. एवढी एकसारखी गावरान अंडी असतात का कुठे? मला तेव्हाच संशय आला. ओल्या फडक्याने पुसलं, रंग निघेना. पक्का रंग दिसतोय, म्हटलं. मग लिंबू चोळलं. आणि रंग निघाला! खाली पांढरं! सोसायटीतल्या सगळ्यांनी बघितलं.”

साडूंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. टरफल चुन्याचं, आंबट लागलं की वरचा थर विरघळतो, तपकिरी रंग त्या वरच्या थरातच असतो, कुठलंही खरं तांबूस अंडं लिंबाने घासलं तर पांढरं दिसणारच, उलट हाच खरेपणाचा पुरावा आहे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही लिंबाने जाणारा रंग वापरता?”

शेवटी त्यांनी मोठ्या मनाने एक संधी दिली. यापुढे अंडी चालतील, पण ‘नॅचरल’ हवीत. म्हणजे ट्रेमध्ये दोन-चार फिकी, दोन-चार सायीच्या रंगाची, एखादं ठिपक्यांचं, अशी मिसळ. तशी असली की खात्री पटते. चिरंजीवांना विचारलं तर ते म्हणाले, “मग बरोबर आहे. इकडेही रंगीबेरंगी खोक्यालाच जास्त पैसे पडतात.”

साडूंकडे आता फिकी अंडी देणारी एकही कोंबडी उरलेली नव्हती. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आबांकडे गेले. आबा उंबऱ्यावर तंबाखू मळत बसलेले. अंगणात साडूंनीच दिलेल्या फिक्या कोंबड्या, आता धष्टपुष्ट, उकिरडा उपसत होत्या. साडूंनी इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विषय काढला, त्यातल्या चार-पाच परत मिळतील का.

“का हो, गडद कमी पडल्या?”

“नाही. जरा फिकी पाहिजेत.”

आबांनी तंबाखू ओठाखाली ठेवली, हात झटकले आणि कोंबड्यांवरून सावकाश नजर फिरवली. शेडकार्डापुढे साडूंच्या डोळ्यांत यायची, तसलीच नजर त्यांच्या डोळ्यांत आली.

“कोंबड्या काय मिळायच्या नाहीत पाव्हणं. लई फिक्या घालतात, अशा सहजी गावत नाहीत. पण तुम्ही एवढे लांबून आलाय,” आबांनी पायरीखाली बांधलेल्या, तीन ओळींच्या तुऱ्याच्या असीलकडे बोट केलं, “तर ह्याला न्या. निम्मा रंग ह्याचाच असतो, तुम्हीच सांगत होता ना?”